पुडीवर नाव नव्हतं, काठी मात्र बसली

ऑर्कुटवरच्या दोस्तांनो, आज आमच्याकडं काय झालं ते ऐका.

आमच्या बाळापुरात गोळ्या संपल्या की रिकामं पाकीट जीपवाल्या शेषरावमामाकडं द्यायचं. मामा कळमनुरीच्या डॉक्टरकडून त्याच गोळ्या आणतात. काल दवाखान्यानं पुड्यांवर नावंच टाकली न्हाईत. मामाच्या हातून पुड्यांची अदलाबदल झाली, आमच्या आईची शुगरची गोळी शेजारच्या मारुतीच्या बापानं खाल्ली अन् म्हातारा बेशुद्ध पडला.

आज मारुतीनं मामाला जीपमधून ओढलं. "माझ्या बापाला मारतो व्हय रे?" म्हणत काठीनं डोकं फोडलं. सोडवताना मलाबी दोन बसल्या.

टाके घालायला मामाला त्याच दवाखान्यात नेलं. तिथं म्हाताऱ्याला सलाईन चालू होतं, अन् आमच्या आधीच पोचलेला मारुती डॉक्टरसमोर हात जोडून उभा!

सांगा, आपली काठी जीपवाल्यावरच काहून उठते?