दहा मणी

द्राक्षाचा मणी दोन बोटांत चिरडायचा, रसाचा थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या काचेवर पाडायचा, एक डोळा मिटून उजेडाकडे बघायचं आणि म्हणायचं, "अठरा. जाऊ द्या." मग बोटं फडक्याला पुसायची. चाटायची नाहीत. ओझरजवळच्या आमच्या पॅकहाऊसमध्ये परदेशी जाणारी द्राक्षं पास करणारे भाऊ हे दिवसातून कितीदा तरी करत.

भाऊंना मधुमेह होता. तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे साखर निघाली की माणसं एक तर फळाला शिवत नाहीत, नाहीतर "आंबट आहेत, चालतात" म्हणत घडच्या घड संपवतात. भाऊंनी गंगापूर रोडच्या आहारवाल्या मॅडमना विचारून नियम केला होता. रोज चार वाजता डब्याच्या झाकणात दहा मणी. एकेक, सावकाश. ज्यूस नाही, जेवणावर लगेच नाही. "अकरावा मणी माझा नाही," म्हणायचे.

हंगामाला येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या बाया त्यांची थट्टा करत.

"भाऊ, मोजून खाता का जप करता?"

"तुम्हाला साखर झाली की कळेल."

"आमाला नाय व्हायची. आमी लय राबतो."

भाऊ हसत आणि पुढचा मणी तोंडात टाकत.

त्यांच्या बायकोचा मला फोन यायचा. "ताई, तुमच्या भरवशावर पाठवते. यांच्या जिभेचा नेम नाही." मी पॅकिंगची सुपरवायझर. अंगावर घेतलेलं काम मी अर्धवट करत नाही. एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा मी त्यांच्या हातातून काढून घेतला, तर म्हणाले, "घरी एक होतीच, इथे दुसरी सासू मिळाली." पुढे सगळा हॉलच त्यांच्यावर डोळा ठेवू लागला. याचं मला कौतुक होतं.

त्या दिवशी कंटेनर संध्याकाळच्या आत भरून जायचा होता. भाऊंनी सकाळी गोळी घेतली होती आणि अडीच वाजले तरी डबा उघडला नव्हता. ते माझ्या टेबलापाशी आले. शर्ट घामानं भिजलेला. क्रेटमधला एक घड उचलला, तेव्हा हात थरथरत होता. मी तो घड काढून घेतला.

"चार वाजले नाहीत अजून."

"द्या हो."

"घरी फोन लावू का?"

"द्या म्हणतो ना," ते ओरडले. इतक्या हंगामांत त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. मला वाटलं, सुटली शेवटी जीभ. मी क्रेट टेबलाच्या पलीकडे सरकवला. बाया हसल्या. भाऊ थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, जणू ओळख पटत नव्हती. मग वळले, चार पावलं गेले आणि कोसळले. ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर डोकं आपटलं.

द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखर अगदी खाली गेली होती. घाम, थरथर, चिडचिड ही त्याचीच लक्षणं. अशा वेळी लगेच गोड द्यायचं असतं, मूठभर द्राक्षंसुद्धा चालली असती. "जवळ गोड काहीच नव्हतं का?" त्यांनी विचारलं. भाऊ चौथ्या दिवशी गेले.

दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. वहिनींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"डॉक्टर म्हणतात साखर उतरली. मला काही उमगत नाही, ताई. साखर चढते एवढंच मला ठाऊक. खरं सांगा, शेवटी चोरून गोड खाल्लं होतं का त्यांनी?"

"नाही," मी म्हणाले. "हातात घेतलं होतं. मी खाऊ दिलं नाही."

वहिनींनी माझे दोन्ही हात धरले.

"तेवढं तरी केलंत," त्या म्हणाल्या.