पेशंटच्या माणसाचा डबा

आज दुपारी झालेलं सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी नर्स आहे, पण वॉर्डात नाही. विम्याच्या मंजुरीसाठी हॉस्पिटलांकडून येणारे कागद मी कोळवणमधल्या भाड्याच्या खोलीत बसून तपासते.

आज एका हॉस्पिटलच्या डेस्कवरच्या मुलीशी फोनवर वाद झाला. "पेशंट कालपासून अ‍ॅडमिट आहे आणि इकोचा रिपोर्ट अजून नाही?" माझा आवाज भिंतीपलीकडे जाईल इतका चढला होता.

रिपोर्ट येईपर्यंत जेवून घ्यावं म्हणून दार उघडलं, तर घरमालकीण सुमनमावशी डबा घेऊन उभ्या.

"तुजं कोन हाय गं दवाखान्यात? संगं बसलेल्या मानसाला भाकरी बांधलीया."

मला हसू आलं. "मावशी, पेशंट नाशिकला आहे. मी त्यांना बघितलेलंसुद्धा नाही."

"मग तितं त्येंच्या मानसाला कोन जेवाय घालतंय?"

हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नसतं. मी परत फोन लावून पेशंटबरोबर कोण आहे ते विचारलं.

"मुलगा इथेच बसलाय मॅडम," ती मुलगी म्हणाली. "मंजुरी आल्याशिवाय उठत नाही म्हणतो."

"त्याला सांग, मी कागदांपाशी बसलेय, तू जेवून ये."

थोड्या वेळाने रिपोर्ट आला. सगळं नीट होतं, मंजुरी दिली. मग मावशींनी तोच डबा माझ्यापुढे उघडला.

मी दोन घास खाल्ले असतील. "त्यो जेवला का पन?" मावशींनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.

तुमचं माणूस दवाखान्यात असताना तुम्हाला कुणी जेवायला उठवलं होतं का? लिहा. मावशींना वाचून दाखवायचंय.