साज उतरल्यावर

वर्ध्यात सगळ्यात जास्त लग्नं कोणी पाहिली असतील तर प्रेमदासने. हजारभर नवरदेव त्याने मांडवाच्या दारापर्यंत पोचवले. पुढे त्यांचं काय झालं ते त्याला विचारू नका, त्याची जबाबदारी दारापाशी संपते. त्याची लग्नाची घोडी आहे आणि त्या घोडीच्या पुढे मी क्लॅरिनेट वाजवतो. बत्तीस वर्षं झाली. या काळात मी चार बँड बदलले, प्रेमदासने तीन घोड्या, पण आम्ही दोघांनी एकमेकांना बदललं नाही. आळस, दुसरं काही नाही.

माणूस साठीचा, वाळलेला, जरासा वाकलेला. बोलतो कमी आणि जे बोलतो ते बहुतेक घोडीशी. त्याच्या बापाने त्याला धंद्यासोबत दोन नियम दिले होते. एक, घोडीला मारायचं नाही. दोन, वरात पोचवून परत येताना रिकाम्या घोडीवर बसायचं नाही. "दिवसभर तिनं लोकायचा नवरदेव उचलला, आता तिची पाठ तिची," असं बाप म्हणायचा. त्यामुळे चाळीस वर्षं घोड्यांत काढूनही प्रेमदास कधी घोडीवर बसला नाही. जाताना वर नवरदेव, येताना वर नियम.

तुम्ही म्हणाल, स्वतःच्या लग्नात तरी बसला असेल. तेही नाही. त्याचं लग्न ज्या रविवारी होतं, त्याच रविवारी कापडवाल्या प्रभाकररावांचं होतं, आणि प्रभाकररावांशी बोलणं आधी झालेलं. बापाने शब्द मोडला नाही. घोडी प्रभाकररावांना गेली आणि घोडीवाल्याचा पोरगा पंचशीलाचा झेंडा पुढे धरून पायी पायी विहारात पोचला. त्याची बायको मीराबाई हे अजून विसरलेली नाही. आपल्याकडे बायका अशा गोष्टी विसरत नाहीत, फक्त योग्य वेळेची वाट पाहतात.

आताची घोडी चांदणी. पांढरी, एकोणीस वर्षांची, स्वभावाने निवृत्त मुख्याध्यापिका. मागल्या हंगामात तिची खुरं फाटली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आता डांबरावर चालवायची नाही. आणखी एक हंगाम चालवली तर बसेल, आणि बसली की उठणार नाही." सांगणं सोपं होतं. वर्ध्यात डांबर किंवा सिमेंट नाही अशी जागा दाखवा मला. प्रेमदासकडे शेत नाही, घरामागे दहा बाय दहाचं अंगण आहे आणि त्यातही अर्ध्यावर चांदणीची पोर बिजली बांधलेली. विकायचं नाव काढलं तर तो उठून जायचा. विटांच्या भट्टीवर म्हाताऱ्या घोड्यांचं काय होतं ते त्याने पाहिलं होतं. सहा महिने त्याला नीट झोप नव्हती, हे मला ठाऊक आहे, कारण तो सकाळी पाच वाजता येऊन माझी झोप मोडायचा.

अशात प्रभाकररावांचा पियुष आला. पुण्यात कॉम्प्युटरचं काही करत होता, ते सोडून परत आलेला. सेलूच्या पलीकडे, टेकड्यांच्या मागे पडावाचा तलाव आहे. भोसल्यांची फौज येता-जाता तिथे मुक्काम करायची म्हणतात. काठाच्या गवतात घोडे बांधायचे दगड अजून उभे आहेत, वरच्या टोकाला दोर ओवायची भोकं पडलेले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फौजेच्या काळचाच एक शेंदूर थापलेला मारुती आहे. पियुषने तिथे तंबू ठोकले आणि पाटी लावली, 'सतराशेच्या सुमारास'. सुमारास हा शब्द त्या पोराला फार आवडतो. फौजेने तिथे केलं काय? घोड्यांना पाणी पाजलं, भाकरी खाल्ली, पुढे गेली. तेच आता शहरातली माणसं पैसे भरून करणार होती.

"प्रेमदासकाका, पहिलं शिबिर शनिवार-रविवार आहे," पियुष म्हणाला. "जमलं तर तुमच्या दोघी घोड्या कायमच्या तिथेच राहतील. तुम्हीही राहा. सगळी माती आहे, काका. डांबर औषधाला नाही."

प्रेमदासने मान खाली घातली आणि नुसतं "बरं" म्हणाला. मग माझ्या घरी येऊन ओसरीवर बसला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मी दुसरीकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "कैलास, तुले यावं लागते."

"मी काऊन? मले काय घोडं समजला का बे?"

"बिना बाजाची थे पाऊल उचलत नाई ना."

हे खरं होतं. वरातीची घोडी बँड वाजला की चालते, थांबला की थांबते. पियुषला हे सांगायची दोघांनाही लाज वाटली. शिबिराच्या जाहिरातीत त्याने 'नीरव शांतता' असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. म्हणून प्रेमदासने माझी ओळख करून दिली ती घोड्यांचे वैद्य म्हणून. क्लॅरिनेटची पेटी ही औषधांची पेटी झाली. पिकअपमधून दोघी घोड्यांना उतरवलं, काठावरच्या दोन दगडांना बांधलं. चांदणीने त्या दगडाला आधी हुंगलं, मग मान घासली, मग डोळे मिटून उभी राहिली. पायाखाली ओली माती आणि तोंडाशी गवत. मी तिला इतकी सुस्त कधी पाहिली नव्हती.

पण पियुषला देखावा पाहिजे होता. "काका, सगळा साज चढवा. लोकांना फौज दिसली पाहिजे." मग चढवला. जरीची झूल, कपाळावर कलगी, गळ्यात घुंगरं, पायांत तोडे. फौज कसली, साक्षात वरात दिसायला लागली.

पाहुणे सात. पहिला मान नागपूरच्या बँकेतल्या मोहिनी मॅडमचा. अंगाने भरदार, हसायला मोकळ्या. त्या बसल्या. चांदणी उभी. पियुष म्हणाला, "चल." चांदणी उभी. पियुषने इंग्रजीतून सांगितलं. चांदणीने शेपटीने माशी हाणली. प्रेमदासने माझ्याकडे पाहिलं. मी पेटी उचलून पळसाच्या झाडामागे गेलो आणि सूर लावला.

चांदणीचे कान उभे झाले. ती निघाली. निघाली म्हणजे कशी, दहा पावलं चालायची, थांबायची, मग पुढचे दोन पाय उचलून नाचायची. वर मोहिनी मॅडम, खाली घुंगरं, मागे बिजली आईची नक्कल करत. पाहुण्यांनी टाळ्या धरल्या. एका काकांना तर राहवलंच नाही, रुमाल दातांत धरून ते पुढे नाचायला लागले. पियुषचा चेहरा मी झाडाआडून पाहिला, त्यात शांतता कुठेच नव्हती.

तरी तेही चालून गेलं असतं. गोची झाली ती पाळीवर. मारुतीसमोर येताच चांदणी थांबली. मी फुंकून फुंकून गाल दुखवले, ती हलली नाही. आपल्याकडे नवरदेव आधी मारुतीला जातो, उतरतो, नारळ फोडतो, आणि मग वरात मांडवाकडे वळते. चांदणीने हे सोळा वर्षं केलं होतं. नवरदेव उतरल्याशिवाय ती पुढे जात नाही. बौद्धांच्या लग्नात वरात विहाराकडे निघाली असली तरी वाटेत मारुती दिसला की ही थांबायची आणि सगळे प्रेमदासकडे पाहायचे. तो शांतपणे सांगायचा, "बावीस प्रतिज्ञा माह्या बापानं घेतल्या, मी पाळून राह्यलो. घोडीले कोणी दीक्षा देल्ली नाई, भाऊ."

मोहिनी मॅडम उतरल्या, बिचाऱ्यांनी मारुतीला हात जोडले, परत बसल्या. आणि चांदणी मागे वळली. दर्शन झालं, आता मांडव. थेट तंबूंपाशी येऊन थांबली. संध्याकाळपर्यंत सातही पाहुण्यांची हीच गत. तलावाला पूर्ण फेरी कोणाचीच झाली नाही. फौजेच्या वाटेने जायला आलेली माणसं मारुतीपर्यंत जाऊन लग्न लागल्यासारखी परत येत होती. चहाच्या वेळी एकाने वहीत अभिप्राय लिहिला, 'घोड्यांच्या शिबिराला आलो होतो, वरातीत जेवलो.'

पियुषने तो वाचला, वही मिटली आणि प्रेमदासपाशी आला. पोरगा वाईट नाही, त्याला बोलताना त्रास होत होता. "काका, हे असं नाही जमणार. उद्या सकाळी पिकअप बोलावतो. मी नागपूरहून दुसरे घोडे पाहतो."

प्रेमदास म्हणाला, "बरं." त्याचं 'बरं' मी बत्तीस वर्षं ऐकतो आहे, पण हे ऐकवलं नाही. मला पियुषचाही राग आला आणि माझाही. मी न वाजवता घरी बसलो असतो तर निदान घोडी आजारी आहे असं तरी सांगता आलं असतं.

रविवारी सकाळी मी कडुनिंबाची काडी चावत मारुतीच्या पारावर बसलो होतो. प्रेमदासने रात्रीच साज उतरवून पोत्यात भरला होता. पिकअप यायच्या आधी चांदणीला शेवटचं पाणी पाजावं म्हणून तो दोर धरून पाळीवरून निघाला. तो पुढे, ती मागे, दोघेही मान खाली घालून. मारुती आला. आणि ती थांबली नाही. सरळ माझ्यासमोरून पुढे गेली.

मी काडी थुंकली. "प्रेमदास, हे थांबली काऊन नाई बे?"

"कायले थांबन? साज उतरला का ड्युटी खतम. घरी जातांनी थोडीच मारुती लागते तिले." एवढं बोलून तो स्वतःच थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. दोन म्हातारी गाढवं. घोडी रोज रात्री बिनबाजाची, बिनथांब्याची घरी येत होती आणि आम्ही दोघे तिच्यासोबतच चालत होतो.

"बस तिच्यावर," मी म्हणालो.

"नाई. बाबानं सांगतलं होतं."

"बाबानं थकलेल्या घोडीचं सांगतलं होतं. हे आत्ता झोपून उठली. अन् नाई बसला त भट्टीवाला बसन."

हे मी जास्त बोललो, मला कळतं. त्याने चांदणीच्या मानेवर हात ठेवला. तिला काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. मग चढायला गेला आणि चढता येईना. चाळीस वर्षांत हजार नवरदेवांना चढायला याने टेकू दिला, स्वतःला कोण देणार? शेवटी मारुतीच्या पारावर चढला आणि तिथून तिच्या पाठीवर सरकला. देवाचा त्याने आयुष्यात करून घेतलेला हा एकच उपयोग.

चांदणी निघाली. नाच नाही, थांबा नाही. प्रेमदास दोन्ही हातांनी आयाळ धरून, पोत्यासारखा वाकलेला. बिजली मागे. पाहुणे चहाचे कप घेऊन तंबूंबाहेर आले आणि आज कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पूर्ण तलावाला वळसा घालून ती परत आली, आपल्या दगडापाशी उभी राहिली आणि तिने हरभऱ्याच्या बादलीत तोंड घातलं. कोणी बांधायची वाट पाहिली नाही.

मोहिनी मॅडम म्हणाल्या, "आता मी. असंच, बिनसाजाची." खोगीर तेवढं चढवलं. त्यांचीही पूर्ण फेरी झाली. मग बाकी सगळ्यांची, आळीपाळीने, दोघी घोड्यांवर.

पियुषने पिकअपवाल्याला फोन करून येऊ नको सांगितलं. तरी जाता जाता म्हणाला, "काका, पण फोटोसाठी थोडा साज?"

"साज पाह्यजे का घोडी पाह्यजे?" प्रेमदासने विचारलं. पियुषने फोन खिशात टाकला. पुण्याला जाऊन आलेलं पोर, पण समज आहे.

अंथरूण आणि खुरांचं तेल आणायचं म्हणून त्या दुपारी प्रेमदास माझ्यासोबत एसटीने वर्ध्याला आला. घोड्यांपाशी शिबिराचा आचारी धनंजय होता. साजाचं पोतं प्रेमदासने मांडीवर घेतलं होतं. घरी पोचलो तर दारात मीराबाई उभी. तिने घोड्यांविना आलेलं साजाचं पोतं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"विकल्या का?"

"नाई. तठीच राह्यतीन आता. सगळी माती हाय तठी," प्रेमदास म्हणाला.

"मंग तुमी काऊन वापस आले?"

मी मध्ये तोंड घातलं, जी माझी जुनी खोड आहे. म्हणालो, "वहिनी, आज हा घोडीवर बसला. पूर्ण तलाव फिरून आला."

मीराबाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, वरपासून खालपर्यंत. "माह्या लग्नात पायदळ आला हा माणूस," ती म्हणाली, "अन् मी नसतांनी बसला." आत गेली. आम्हाला वाटलं, झालं, आता भांडी आपटणार. पण ती पिशवी भरत होती.

सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही तिघे पडावाच्या तलावावर गेलो. पाहुणे गेले होते, तंबू रिकामे होते. मीराबाई पारावर चढली, पदर कमरेला खोचला आणि एकदाही न घाबरता चांदणीवर बसली. प्रेमदासने दोर हातात घेतला आणि पुढे चालू लागला. कलगी नाही, झूल नाही, वरातीला माणूस एकच, मी.

क्लॅरिनेट मी सवयीने आणली होती आणि बोटं फार शिवशिवत होती. पण मी ती ओठाला लावली नाही. लावली असती तर मीराबाईची वरात मारुतीपाशीच थांबली असती.