नीट चाला

स्पिरिटचा वास आला की करमाडहून आलेल्या त्या मावशी आठवतात. माणसाच्या चालण्यावर माझं संशोधन नुकतंच सुरू झालं होतं. त्यांचा एक गुडघा दुखायचा. दोन्ही गुडघे स्पिरिटने पुसून, सेन्सर चिकटवून मी म्हटलं, "मावशी, आता नीट चाला." त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि सासऱ्यांपुढून जावं तशा मान खाली घालून हळूहळू चालल्या. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही पाय अगदी सारखे! माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "काही दिसत नाही, यांना वगळा." मी वगळलं नाही. उलट मी ओरडले, "मावशी, करमाडची बस निघाली बघा!" "अगं बाई, व्हय?" म्हणत त्या साडी उचलून तरातरा निघाल्या, आणि डाव्या गुडघ्याचं दुखणं पडद्यावर लख्ख उमटलं. आज माझ्या प्रयोगशाळेत सगळं चालतं. फक्त 'नीट' हा शब्द चालत नाही.