थोरल्या काकांचं बोट

आमच्या भावकीचा गणपती थोरल्या काकांच्या घरी बसतो. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, निवृत्त शिक्षक. आमच्या पोशीर गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. गौरीच्या दिवशी आरती झाली की प्रसाद वाटायच्या आधी ते शिकणाऱ्या पोरांना एकेक करून देवासमोर उभं करतात आणि निकाल विचारतात. ज्याचे मार्क जास्त, त्याला पहिला पेढा. ही पद्धत त्यांनीच पाडली आणि ती कुणाला खटकत नाही, कारण देवासमोर खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही.

त्या वर्षी मी कर्जतच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला नापास झाले होते. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, तिन्ही गेले. मी मराठी शाळेतली. फळ्यावरचं इंग्रजी वहीत उतरवून आणायची आणि घरी उघडून बघितलं की माझ्याच अक्षरातलं मला काही कळायचं नाही. पुढे पुढे तर मी तासाला बसणंच सोडलं. काकांना हे सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी मला उभं केलं, गेलेल्या विषयांची नावं माझ्याकडून वदवून घेतली आणि शेवटचा पेढा हातावर ठेवत वडिलांना म्हणाले, "हिला साजगावला पॅकिंगला लाव रं. डोकं नाय, हात तरी चालतील."

सगळे हसले. माझे वडीलही हसले. काकांना मी एकवेळ सोडलं असतं, पण त्यांनी माझ्या बापाला माझ्यावर हसायला लावलं. तो पेढा मी तसाच मागच्या दारी नेऊन कोंबड्यांना घातला.

साजगावच्या कारखान्यात मी खरंच गेले. वर्षभर खोकी चिकटवली. नर्सिंगच का घेतलं असं कुणी विचारलं की माझ्या मैत्रिणी सेवेबिवेचं बोलतात. मी घेतलं, कारण काका एकदा पंगतीत म्हणाले होते की दुसऱ्यांची घाण काढायचं काम आपल्या घरातली पोरगी करणार नाही. म्हटलं, हेच करायचं. प्रवेशपरीक्षेचा अभ्यास कारखान्याच्या बसमध्ये केला आणि खालापूरकडच्या एका कॉलेजात माझा नंबर लागला.

इंग्रजी तिथेही तेच होतं. फरक एवढाच, की या वेळी मी तासाला बसले. हाडांची नावं पाठ होईनात तेव्हा मी काकांना डोळ्यांपुढे उभं करायची आणि पायाच्या बोटांपासून वर एकेक हाड मोडत जायची. त्या पेपरला मी वर्गात पहिली आले. मॅडमनी अभ्यासाची पद्धत विचारली तेव्हा मी नुसतं हसले.

तिसऱ्या वर्षी आम्हाला गावं वाटून देतात. प्रत्येकीने काही घरं धरायची, तिथे जाऊन तपासणी करायची, आरोग्याच्या चार गोष्टी समजावायच्या. स्वतःचं गाव कुणालाच नको असतं, कारण आपली माणसं आपलं ऐकत नाहीत. मी मात्र एका मैत्रिणीच्या हातापाया पडून तिच्या वाट्याचं पोशीर मागून घेतलं आणि पहिलं घर काकांचं धरलं.

गृहभेटीची एक रीत असते. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, त्या घरातलं पाणी मागून हात धुवायचे, मगच माणसाला हात लावायचा. काकूंनी तांब्या आणून माझ्या हातावर पाणी घातलं. काका झोपाळ्यावर बसून बघत होते. मागे आमच्या मॅडम उभ्या होत्या आणि ओटीवर शेजारपाजारही जमला होता. काकांची साखर भरपूर निघाली. मग मी त्यांना मोजे काढायला सांगितले.

अंगठ्याशेजारच्या बोटाखाली मोठी जखम होती. आमच्याकडे चिखलात पाय फुटले की भेगेत तापवलेला बिब्बा घालतात. भलाभला गडी त्या चटक्याने ओरडतो. काकांनी तो स्वतःच्या हाताने घातला होता आणि त्याचं त्यांना केवढं कौतुक. "डोळ्यात पाणी आलं नाय माज्या," त्यांनी ओटीवरच्यांना ऐकवलं.

याच क्षणासाठी मी एवढं शिकले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, की यात मर्दुमकी काही नाही. साखरेने पाय बधिर झालाय, म्हणून चटका कळला नाही. आणि आता पाय भाजला तरी यांना कळणार नाही, एवढी यांची अक्कल. शेजारचे हसले. काकांनी पायाने माझं वर्तमानपत्र विस्कटलं आणि ते आत निघून गेले.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला झापलं. तू समजावलं नाहीस, सूड उगवलास, म्हणाल्या, आणि मार्क कापले. कापू देत. त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं.

काका डॉक्टरकडे गेले नाहीत. मी चारचौघांत तसं बोलले म्हणूनच गेले नाहीत, असं आई आजही म्हणते. म्हणू दे. साठी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या पायाची काळजी नसेल तर ती मी का वाहायची?

शेवटच्या वर्षी मी ज्या हॉस्पिटलात ड्युटीला होते, तिथेच त्यांना आणलं. बोट काळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आज बोट काढलं नाही तर उद्या पाऊल काढावं लागेल. काका सही करेनात. मुलाचं ऐकेनात, काकूंचं रडणं ऐकेनात. माझे वडील त्यांच्या उशाशी उभे होते. पट्टी बदलायला मी आत गेले तेव्हा काकांनी माझा हात धरला.

"तूच सांग गं," ते म्हणाले. "काढू देऊ?"

त्यांना धीर द्यायचा असतो, शेजारी बसायचं असतं, हळूहळू समजावायचं असतं. ते मला शिकवलेलं होतं आणि मला येतही होतं. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "काढायला सांगा, काका."

त्यांनी सही केली. सल्ला बरोबर होता, डॉक्टरही तेच म्हणत होते, आणि काकांचं पाऊल वाचलं. वडिलांनी बाहेर येऊन सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला, माझ्या पोरीने भावाला वाचवलं म्हणाले. मी मान खाली घालून उभी राहिले. आतून मला फार बरं वाटत होतं, आणि ते पाऊल वाचल्याचं नव्हतं.