डाव्या अनामिकेचा पराक्रम

माझ्या हातून आजवर एकही निमंत्रण चुकलं नाही. मामांचं चुकलं, तेही फक्त एका बोटानं.

रिसालीचे वामनमामा जन्मांध. माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या मी चार याद्या केल्या (पाचवी, याद्यांची यादी!), तेव्हाच आईनं बजावलं, "मामा नाही, तर साखरपुडा नाही." मामांची अट वेगळीच होती. "जन्मभर पत्रिका लोकांनीच वाचून दाखवली. एक तरी मले माझ्या बोटानं वाचू दे!"

त्यांनीच आपलं जुनं सहा कळांचं ब्रेल यंत्र आमच्याकडे नेहरू नगरला पाठवलं (एका बोटाला एक कळ, लागतील तेवढ्या एकदम दाबायच्या). मी पंधरा दिवसांत अक्षरं पाठ केली. इंग्रजीतली संक्षिप्त ब्रेल लिपी यादीतून खोडली. आपल्याला अक्षरन् अक्षर लिहायचं होतं. विरामचिन्हं शेवटच्या दुपारी उरकली. पूर्णविराम म्हणजे दोन्ही हातांची मधली बोटं आणि एक अनामिका. सोपं!

पत्र पोचलं आणि फोन आला. यांनी स्पीकर लावला.

"जवाईबापू, तुमची बायको माझ्यावर काहून ओरडून राहिली?"

"कधी, मामाजी?"

"पत्रात! ऐका. बारा वाजता या! उशीर नको! ऑटोनं या! डबा आणू नका! अरे, बोटाच्या कानठळ्या बसल्या माझ्या! मी नाही येत!"

"मनावर नका घेऊ. आमाले तर घरात रोजच..."

मी फोन हिसकावला, पण मामांनी तो ठेवला होता.

ब्रेलचा तक्ता काढून पाहिला. पूर्णविरामाला उजवी अनामिका हवी होती. मी डावी दाबली होती, आणि डावी दाबली की उमटतं उद्गारचिन्ह! सतरा वाक्यं, सतरा आरोळ्या!

"ढकल आता साखरपुडा पुढं," आई म्हणाली.

मी उजव्या अनामिकेला हळद फासली (चुकायला नको!) आणि तेच पत्र, शब्दही न बदलता, पुन्हा टाइप केलं. प्रत्येक वाक्याला शांत पूर्णविराम. ते देऊन यांना बाइकवरून रिसालीला पिटाळलं.

हे परत येऊन हेल्मेट काढतात न काढतात, तोच दाराशी ऑटो! मामा उतरले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोसंब्यांची पिशवी.

"कुठं निजवली तिले?"

"मामा, मी इथं आहे. राग गेला ना?"

"राग गेला चुलीत! पहिलं पत्र वाचून तापलो, पण आवाज तुझाच होता. अन् आज त्याच गोष्टी एवढ्या हळू? मी म्हटलं, संपली पोरगी!"

मामा साखरपुड्यापर्यंत राहिले आणि मला मोसंबी सोलून देत राहिले. मी ठणठणीत आहे हे पटवायला शेवटी मला ओरडावंच लागलं!