मनालीचे कावळे

मनाली माझी चुलत बहीण. मी तेरा वर्षांची, ती अकराची. विनोदकाका कारखान्यात नोकरीला म्हणून ती वरठीला वाढली. आमच्या गावी, एकोडीला, फक्त दिवाळीत यायची आणि आमच्या पोरांत कधी मिसळायची नाही. कबड्डी नको, लंगडी नको. पण साऱ्या गावात कोणाला येत नाही अशी एक विद्या तिला येत होती. ती पाखरांशी बोलायची. टिटवी, पारवा, कोंबडी, सगळ्यांशी, पण कावळ्यांच्या बोलीत तिचा हात धरणारा कोणी नव्हता. काका ड्युटीवर गेले की ती आणि निर्मलाकाकू गच्चीवर शिळी पोळी टाकायच्या, तिथंच ती शिकली. ‘या, खायला आहे’ ही हाक वेगळी आणि ‘पळा, धोका आहे’ ही वेगळी. मागच्या दिवाळीत पहिल्या हाकेनं आमच्या अंगणात चाळीसेक कावळे उतरले आणि दुसरीनं एका दमात उडाले. पोरं तिला ‘कावळी’ म्हणायची. मीही म्हणायचे, उगाच साव कशाला होऊ?

या फाल्गुनात काकू गेली. ताप आला आणि चौथ्या दिवशी संपलंच सगळं. पुढचे दिवस करायला काका मनालीला घेऊन एकोडीला आले.

ती रडली नाही. जेव म्हटलं की जेवायची, आंघोळ कर म्हटलं की करायची, नाहीतर पडवीत बसून राहायची. पाखरांचा आवाजही काढेना. शेजारच्या उषाबाईंनी तर तिच्यासमोरच म्हटलं, “पोरगी गोटा हाय वो. डोळ्यात टिपूस नाही.”

मला उषाबाईंचा राग आला. खरं सांगू? मनालीचाही आला. रडली असती तर मला तिच्याजवळ जाऊन बसता आलं असतं. न रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं असतं ते मला कोणी शिकवलंच नव्हतं.

दहाव्याला सगळे तलावाच्या पाळीवर गेलो. पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर भात, वरण आणि काकूच्या आवडीचे बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे ठेवले. कावळा शिवला की माणूस समाधानानं गेलं असं आमच्याकडे मानतात. नाही शिवला तर त्याचं मन कशात तरी अडकलंय.

मोहाच्या झाडावर कावळे होते, चांगले वीस-पंचवीस. एक खाली झेपावायचा, पत्रावळीच्या हातभर वर यायचा आणि एकदम वळून झाडावर जायचा. मग दुसरा, तोही तसाच.

“लेकीची काळजी लागली असन,” पुंडलिकराव म्हणाले. ते आमच्या भावकीत सगळ्यांत मोठे. “विनोद, बोल गा काही.”

काका हात जोडून म्हणाले, “मनालीले शिकवीन. खूप शिकवीन.” कावळा आला आणि वळला.

माझ्या बाबांनी वचन दिलं. आईनं दिलं. भावकीतल्या चंद्रकुमारदादानं मोबाइलवर कावळ्याचा आवाज लावला, तर आधी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. ऊन डोक्यावर आलं. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवणार नव्हतं, आणि मला लाज वाटेल एवढी भूक लागली होती.

मग काका गुडघ्यांवर बसले. “निर्मले, माझं चुकलं. तू म्हनत होती दवाखान्यात चला. मी म्हटलं उद्या जाऊ, आज डबल ड्युटी हाय. अशी रागावून नोको जाऊ वो.” एवढा मोठा माणूस हमसून रडायला लागला.

मी मनालीकडं पाहिलं. ती रुमाल तोंडाशी धरून उभी होती. लोकांना वाटत होतं, रडू आवरतेय. पण कावळा झेपावला आणि तिचा गळा हलला. बारीक, कोरडा आवाज आला, “खर्र, खर्र.” कावळा वळला.

मी तिच्या कानाशी लागले. “तू करून राहिली हे?”

“हं.”

“काहून?”

“शिवला की आई जाते ना, ताई.” वर्गात पाढे म्हणावेत तशा सपाट आवाजात ती म्हणाली. “मी नाही जाऊ देत.”

तिला रागवायचं माझ्या मनात होतं. पण एवढंच म्हटलं, “काकाले वाटते, काकू त्याइच्यावर रागावली.”

ती बापाकडं बघत राहिली. पुंडलिकरावांनी दर्भ हातात घेतला. खरा कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून त्याचा स्पर्श करतात, मग काम संपतं. त्यांनी गाठ मारायला घेतली तेव्हा मनालीनं रुमाल खाली केला. सगळे दर्भाकडं बघत होते. तिनं ओठ जेमतेम उघडले आणि हाक दिली.

एक आला. दुसरा आला. मग अख्खं झाड खाली उतरलं. वडे पहिल्या झटक्यात गेले.

सगळ्यांनी हात जोडले. काकांनी मनालीला छातीशी धरलं. “पाह्यलं बेटा? आई रागावली नोती.”

“हो बाबा,” ती म्हणाली. चेहरा तसाच कोरा.

ही गोष्ट मी आजवर काकांना सांगितलेली नाही, सांगणारही नाही.

बांधावरून परतताना आम्ही दोघी मागं राहिलो. ती म्हणाली, “ताई, त्या कावळ्यांनी आईले नेलं, का नुसता भात खाल्ला?”

मोठ्या माणसांनी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत होतं.

“भात खाल्ला,” मी म्हटलं. “अन् वडे.”

“मंग बरं,” ती म्हणाली, आणि त्या दहा दिवसांत पहिल्यांदा तिनं माझा हात धरला.